बंपरच्या पाठीवरचा ठसा

धाम नदीच्या पुलाकडून पवनारात शिरलं की उजव्या हाताला एक टिनाचं शेड लागतं. त्याला पाटी नाही. कुंपणाच्या तारेवर मात्र गाड्यांचे बंपर वाळत टाकलेले दिसतात, लाल, करडे, पांढरे. नवख्याला वाटावं, इथे गाड्या सोलतात की काय. पण ज्याची गाडी कुठे ठोकली असेल त्याला फार विचारत बसावं लागत नाही. चहाच्या टपरीवर कोणीही हात करून सांगतं, "बंपरवाल्या बाईकडं जा न."

बंपरवाली बाई म्हणजे कुंताबाई. वय पन्नाशीच्या आतबाहेर, अंगानं किडकिडीत, बोलणं मोजकं. मुळात हे काम तिचं नव्हे, तिच्या नवऱ्याचं. बंडूजी नागपूरच्या एका गॅरेजात पंधरा वर्षं रंग मारून गावी परतला आणि घरच्या अंगणात बंपर दुरुस्त करू लागला. रंग मारताना तोंडाला नुसता रुमाल बांधायचा. मास्क लावा म्हटलं की म्हणायचा, त्यात जीव गुदमरते. आता मास्क नसतानाही गुदमरतो. खोलीतून अंगणात यायचं तर मधे दोनदा थांबतो. महिन्यातून एकदा सेवाग्रामच्या दवाखान्यात जाऊन औषधं आणायची आणि उरलेले दिवस बाजेवर बसून सूचना करायच्या, एवढंच त्याच्या हाती राहिलं आहे. सूचनांना दम लागत नाही.

कुंताबाईनं काम हाती घेतलं तेव्हा गावानं नाकं मुरडली. वर्षभरात तीच नाकं आपापल्या ठोकलेल्या गाड्या घेऊन दारात उभी राहिली. कारण या बाईच्या हाताला जे कळायचं ते बंडूजीच्या डोळ्याला कधी कळलं नव्हतं. जन्मभर भिंती सारवलेला हात. पुट्टी घासताना ती डोळे मिटून घ्यायची आणि तळहात सांगेल तिथेच पॉलिश पेपर फिरवायची. चीर कुठे होती ते दुसऱ्या दिवशी मलेही सापडत नाही, असं ती एकदा बोलून गेली होती. बढाया मारायचा तिचा स्वभाव नाही, म्हणजे ते खरंच असणार.

तिची एक खोड होती. काम पुरं झालं की वाटीत उरलेल्या पांढुरक्या प्राइमरमध्ये उजवा हात बुडवायचा आणि बंपरच्या आतल्या बाजूला, जिथे कुणाची नजर जात नाही, तिथे दाबायचा. लग्नघरी भिंतीवर हळदीचे हात उमटवतात तसा. पहिल्या बंपरच्या वेळी सहज केलं होतं, गाडीत बसणाऱ्यांचं सुखाचं जावो म्हणून. मग ती रीतच पडली. आणि तो ठसा दुसऱ्या कुणाचा म्हणायची सोय नव्हती. लहानपणी कडबा कापायच्या यंत्रात तिच्या करंगळीचं वरचं पेर गेलं होतं. चार बोटं पुरी, पाचवं अर्धं.

बंडूजीनं काम शिकवताना एक नियमही शिकवला होता. आपलं काम पुढचं, मागचं मालकाचं. मागचं म्हणजे बंपरच्या आड असलेलं सगळं, धडक झेलणारा लोखंडी दांडा, रेडिएटर, इंजिन. ते वाकलं आहे की मोडलं आहे ते बंपरवाल्यानं पाहू नये, विचारू तर मुळीच नये. कुंताबाईनं हा नियम अकरा वर्षं पाळला. सोयीचा होता, मोडायचं कारण पडलं नाही.

माघ महिन्यात एका सकाळी रुपेश आला. रुपेश हा बंडूजीच्या बहिणीचा मुलगा. जामच्या चौकात ढाब्यांच्या ओळीत त्याचं जुन्या गाड्या घ्यायचं-विकायचं दुकान आहे. पोरगा गोड बोलतो. इतकं गोड की त्याच्याशी बोलणं झालं की कुंताबाईला पाणी प्यावंसं वाटतं. एरवी तो नुसता बंपर आणून टाकायचा. त्या दिवशी टेम्पोच्या मागे दोर बांधून अख्खी गाडी ओढत आणली. पांढरी, तशी नवीच दिसणारी. नंबरची पाटी पुढे नव्हती आणि मागेही नव्हती.

"गाडीच काऊन आणली रे?" कुंताबाईनं विचारलं.

"बंपर लावूनच द्या लागन, मामी. बंपर-बॉनेटमधली फट बरोबर आली पायजे. गिऱ्हाईक आजकाल फटच पाह्यते."

बंपर सुतळीनं बांधला होता, म्हणून त्याला बंपर म्हणायचं. डावा कोपरा फाटून लोंबत होता, मधून दोन चिरा पार वरपर्यंत गेलेल्या. कुंताबाईनं सुतळी कापली, क्लिपा उचकटल्या आणि तो उतरवला. मागचं न पाहायचा नियम असला तरी डोळे काही काढून ठेवता येत नाहीत. लोखंडी दांडा डावीकडे पार आत गेला होता. त्याच्या मागे गाडीच्या सांगाड्याचा पत्रा चुणीदार झाला होता, लुगड्याच्या निऱ्या पडाव्यात तसा. तिनं पुष्कळ गाड्या पाहिल्या होत्या, असं पाहिलं नव्हतं.

बॉनेटचा खटका सोडायला तिनं दार उघडलं. आतून फिनाईलचा भपकारा आला. गाडी आतून कोण फिनाईलनं धुतं? ड्रायव्हरशेजारच्या सीटचा पट्टा अर्धाच लोंबत होता. तुटला नव्हता, कापला होता, कात्रीनं सरळ कापावा तसा. बसलेलं माणूस बाहेर काढता आलं नाही की असा पट्टा कापतात, एवढं तिला कळत होतं.

"हा पट्टा कोणं कापला?"

रुपेश मोबाईलमध्ये काहीतरी पाहत होता. "काढाले लागला असन. वाचले, मामी, सगळे वाचले."

"कोण बसलं होतं इथं?"

"मले काय माहीत? मी लिलावात घेतली."

"आन् हा दांडा? हा त बदलाच लागते."

"बदलतो न. माहा मिस्त्री बदलून देईन. तुम्ही फक्त पुढचं करून द्या."

बाजेवरून बंडूजी धापा टाकत म्हणाला, "मेघाची माय, आपलं काम पुढचं." मेघा ही त्यांची एकुलती लेक, दोन वर्षांपूर्वी समुद्रपूरकडे दिलेली, आणि त्या वेळी चौथा महिना लागलेला. नातवंडाच्या नुसत्या बातमीनं घर उजळलं होतं. अशा दिवसांत घरी ही गाडी यावी हे कुंताबाईला आवडलं नाही. पण भाच्याला परत पाठवणार कसं, म्हणून ती कामाला लागली.

आधी बंपर साबणानं धुवायचा, नाहीतर रंग धरत नाही. तिनं घासून धुतला. पाणी तांबूस निघालं. माती असेल, असं तिनं मनाशी म्हटलं आणि बादली लांब नेऊन ओतली. आपल्या भागातली माती काळी असते, हे तिला माहीत नव्हतं असं नाही.

मग तीन दिवस ती त्या बंपरला भिडली. आतून बारीक तारेची जाळी ठेवून तापल्या सोल्डरिंग गननं ती प्लास्टिकमध्ये बुडवली. त्याच जातीच्या जुन्या बंपरच्या पट्ट्या कापून चिरांमध्ये वितळवल्या. कोणता बंपर कोणत्या प्लास्टिकचा ते पाठीवर कोरलेलं असतं, भलतं वापरलं तर सांधा महिन्यात उकलतो. वरून पुट्टी, घासणं, पुन्हा पुट्टी, पुन्हा घासणं. पांढरा रंग म्हणजे लोकांना सोपा वाटतो, त्यासारखा अवघड दुसरा नाही. कुठला पांढरा निळसर असतो, कुठला दुधाळ. तिनं थेंबभर काळा आणि थेंबभर पिवळा घालून बॉनेटच्या पांढऱ्याशी जुळवला. वारा सुटायच्या आत, भल्या सकाळी, अंगणात पाणी शिंपडून धूळ बसवली आणि तोंडाला मास्क लावून रंग मारला. नंतर चकाकीचा थर. बंपर असा निघाला की बंडूजीसुद्धा बाजेवरून उठून पाहायला आला.

शेवटी तिनं प्राइमरच्या वाटीत हात बुडवला. ठसा दाबताना एरवी मनात म्हणायची ते सुखाचं जावो त्या दिवशी अर्धवटच राहिलं. तिला तो कापलेला पट्टा आठवला. तरी ठसा उमटवला, कारण रीत होती.

रुपेश बंपर लावून घ्यायला आला तेव्हा दांडा तसाच वाकलेला होता. मिस्त्री लग्नाला गेला म्हणे. बंपर गाडीवर चढवला तर डावीकडून आत बसला, कारण मागे टेकायलाच काही नव्हतं. फट बोटभर. कुंताबाई म्हणाली, दांडा बदलून आण, मग लावून देते. रुपेश म्हणाला, दोन दिवसांपुरतं, नुसते फोटो काढायचे आहेत, मग दांडा बदलायचाच आहे. तो हे सगळं हसत हसत बोलला.

तोडगा काढला बंडूजीनं. "मागं त्या जुन्या बाजेचं गात पडलं हाय न. कापून तारेनं बांध. बरोबर मापाचं हाय."

गात म्हणजे बाजेचं लांबीचं लाकूड. बाभळीचं, हाताला गुळगुळीत झालेलं. त्या बाजेवर मेघाचा जन्म झाला होता, सुईण घरी येऊन. कुंताबाईनं ते करवतीनं कापलं, वाकलेल्या दांड्यापुढे आडवं धरलं आणि तारेचे वेढे देऊन आवळलं. बंपर चढवला. क्लिपा टपाटप बसल्या. फट डावीकडे-उजवीकडे सारखी, नख फिरवलं तर कुठे अडणार नाही. धडक झेलायच्या जागी आता बाजेचं लाकूड होतं, आणि बाहेरून कुणाच्या बापाला कळलं नसतं. रुपेश मामीच्या पाया पडून गेला.

आठ दिवस तिनं कळ काढली. मग फोन केला. "दांडा बदलला का रे?"

"हो मामी, कवाचाच."

"मग माहं गात परत दे."

रुपेश पलीकडे हसला. "कुठी टाकलं असन मिस्त्रीनं. लाकडाचं काय घेऊन बसल्या, मामी? आन् गाडी त गेली. हिंगणघाटच्या एका दलालानं नेली."

कुंताबाईनं फोन ठेवला. तिला जे कळायचं ते कळलं होतं. गात कुठे आहे ते तिला पक्कं ठाऊक झालं.

तेव्हापासून तिची झोप उडाली, आणि दिवसाही जीव थाऱ्यावर राहीना. पांढऱ्या गाड्या काय थोड्या असतात? पुलावर उभी राहिली तर तासाला पन्नास जातात. ती प्रत्येकीच्या डाव्या कोपऱ्याकडे पाहायची. बाजाराला वर्ध्याला गेली तर रस्त्याकडेला लावलेल्या गाड्यांच्या बंपरखाली वाकून हात घालायची, लोक हटकायचे. जामकडे अपघात झाल्याचं टपरीवर कोणी बोललं की विचारायची, गाडी कोणत्या रंगाची होती. पांढरी म्हटलं की ताटावरून उठायची. एकदा अशीच पांढरी गाडी उलटली, दोघं गेले. ट्रकवाल्यानं काढलेला फोटो कुणाच्या तरी मोबाईलमध्ये सापडेपर्यंत तिनं पाण्याचा घोट घेतला नाही. ती गाडी वेगळीच निघाली. मेलेल्या दोन माणसांचं वाईट वाटण्याआधी तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची तिला किळस आली.

बंडूजीला सांगितलं तर तो म्हणाला, "तू काऊन जीवाले लावून घेऊन राह्यली? आपण विकली काय?"

चैत्रात जावयाचा फोन आला. सचिन कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर आहे, सरळ पोरगा, सासूला आई म्हणतो. "आई, मेघाले मोटारसायकलवर दणके बसून राह्यले. जुनी गाडी घ्याव म्हणतो. तुमचा त हातच बसला हाय त्यात. काय पाहू घेताना?"

इथे कुंताबाईनं जे केलं ते तिनं स्वतःला अजून माफ केलेलं नाही. बंपर काढून मागचा दांडा पाहा, हे एक वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं. पण ते सांगितलं की जावई विचारणार, काऊन, बंपर सरळ असून मागं वाकलेलं असते काय? आणि मग आपण काय करतो ते सांगावं लागलं असतं. वाक्य परत खाली गेलं. शिवाय कारागिराचा तोरा असतोच ना, आपल्यासारखं काम दुसरं कोण करतंय. ती म्हणाली, "बंपरची फट पाह्यजा. नख फिरवजा. सारखी असली त समजा गाडी ठोकलेली नाई."

वैशाखात मेघाला सातवा लागला. ओटी भरायला माहेरी आणायची होती. सासू प्रमिलाबाई बरोबर येणार होत्या. जेवून, ऊन उतरल्यावर परत जायचा बेत. कुंताबाईनं आदल्या दिवसापासून पुरणाचं मांडलं, दारात रांगोळी काढली, तारेवरचे बंपर मागच्या बाजूला नेऊन ठेवले. आज घर लेकीचं दिसायला हवं होतं.

अकराच्या सुमारास फाटकात हॉर्न वाजला. पांढरी गाडी, झेंडूच्या हारांनी झाकलेली, नंबरची पाटी कोरी करकरीत. सचिन उतरला, मग मेघा पोट सांभाळत, मग प्रमिलाबाई. कुंताबाईनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. नजर डाव्या कोपऱ्याकडे गेली, पण पांढरी गाडी दिसली की ती आता नेहमीच जायची.

"ईनबाई, गाडीलेही कुंकू लावा," प्रमिलाबाई विहिणीला हौसेनं म्हणाल्या. "तुमच्याच सल्ल्यानं घेतली."

"हो न आई," सचिन म्हणाला. "तीन गाड्या पाह्यल्या. हिंगणघाटच्या दलालापाशी ही तिसरी. तुम्ही सांगतलं तसं फटीत नख फिरवलं. पह्यल्या दोघीत अडकलं. हिच्यात कुठी अडकलंच नाई. तिथंच ठरवून टाकली."

कुंताबाईनं ताटातलं कुंकू बोटावर घेतलं. तिनं बॉनेटला कुंकू लावलं, बंपरला लावलं, आणि नमस्काराला वाकावं तशी वाकली. हार बाजूला सारून उजवा हात बंपरच्या खालून आत घातला. डाव्या बाजूला, वर. बोटं तारेच्या वेढ्याला लागली. तारेखाली लाकूड होतं, गुळगुळीत, बाभळीचं.

"आई, काय झालं?" मेघानं विचारलं.

"काई नाई. चक्कर आली. ऊन हाय."

तिनं ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण, सगळं रीतीप्रमाणे. पंगतीत वाढलं, आग्रह केला, पुरणपोळीवर तूप घातलं. सचिन जेवता जेवता सहज म्हणाला, "गाडी डावीकडं जराशी वढते, ब्रेक मारला का. टायरात हवा कमी असन." प्रमिलाबाई म्हणाल्या, मेघाला मागे मळमळतं, म्हणून ती पुढेच बसते. मेघा हसून म्हणाली, "आन् पट्टा त बसतच नाई पोटावरून. मी लावतच नाई."

कुंताबाई उठून चुलीपाशी गेली. बंडूजी पाणी प्यायच्या निमित्तानं मागे आला. तिनं त्याला दोन वाक्यांत सांगितलं. त्याचा चेहरा उतरला, श्वास वाजायला लागला. त्यानं भिंतीला हात टेकला.

"आता गप राह्य," तो कुजबुजला. "आज नको. ईनबाईसमोर नाक कापलं जाईन. पोरीले आयुष्यभर ऐकाव लागन. आज जाऊ दे, हळू चालव म्हणू. उद्या मी रुपेशले बोलावतो, दांडा बदलून टाकू, कोणाले समजणार नाई."

"आन् आज जाताना जामच्या चौकात काई झालं त?"

"अकरा वर्षांत काई झालं काय?"

"तुम्हाले काय माहीत झालं का नाई?" कुंताबाई म्हणाली. "आपण मागचं पाह्यलंच कवा?"

बंडूजी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर गेला. दुपार कशी गेली ते तिला सांगता आलं नसतं. लेक खोलीत आडवी झाली होती, पोटावर हात ठेवून. कुंताबाई तिच्या पायाशी बसून वारा घालत होती आणि मनातल्या मनात दोन्ही बाजू तोलत होती. सांगितलं तर लेकीच्या सासरी आपलं तोंड काळं, धंदा बुडाला, नवऱ्याची औषधं कुठून आणायची. नाही सांगितलं तर दोन तासांचा रस्ता. दोनच तास. रोज हजारो गाड्या सुखरूप जातात. ही गाडीसुद्धा इथवर आलीच ना. तिला स्वतःचं हे बोलणं ओळखीचं वाटलं. रुपेश असाच बोलायचा.

ऊन उतरलं. निघायची तयारी झाली. तिरप्या उन्हात गाडी उभी होती आणि त्या उन्हात बंपरचा पांढरा बॉनेटच्या पांढऱ्याहून वेगळा दिसत होता, किंचित दुधाळ. फक्त तिलाच दिसत होता. सचिननं गाडी सुरू केली. मेघा पुढच्या सीटवर बसली, मांडीवर ओटीचा नारळ. पट्टा मागे लटकत होता. तो नवा होता, शेजारच्यापेक्षा काळा.

"येतो मग, आई."

"मेघा, खाली उतर," कुंताबाई म्हणाली.

"काऊन?"

"उतर म्हणतो न."

आवाज असा होता की मेघा मुकाट उतरली. बंडूजी दारातून "मेघाची माय, मेघाची माय" म्हणत होता, त्याचा श्वास पुरला नाही. कुंताबाईनं शेडमधून पेचकस आणला. चाकाजवळचे दोन स्क्रू काढले. मग बंपरच्या कोपऱ्यात दोन्ही हात घातले आणि सगळा जीव एकवटून मागे ओढलं. क्लिपा एकेक करून तडकल्या. सचिन "आई, आई, काय करून राह्यल्या" म्हणत धावला तोवर अर्धा बंपर तिच्या हातात आला होता. झेंडूचा हार तुटून मातीत पडला. तिनं दुसरा कोपराही ओढला. तिच्या हातचं सगळ्यात देखणं काम अंगणात उताणं पडलं.

समोर वाकलेलं लोखंड, चुणीदार पत्रा, आणि त्यावर तारेनं आवळलेलं बाजेचं लाकूड. मेघा ते लाकूड ओळखत होती. लहानपणी त्याला धरून ती उभी राहायला शिकली होती.

"हे कोणं केलं?" प्रमिलाबाईंनी विचारलं. आवाज अगदी हळू होता.

कुंताबाई खाली बसली. उताण्या बंपरच्या पाठीवर पांढुरका ठसा होता. तिनं आपला उजवा हात त्यावर ठेवला. चार बोटं चार बोटांवर बसली, अर्धी करंगळी अर्ध्या करंगळीवर. यापेक्षा अधिक तिला काही सांगता आलं नाही, सांगावं लागलंही नाही.

सचिन गाडीच्या चाकाशी डोकं धरून बसला. प्रमिलाबाई मेघाचा दंड पकडून उभ्या होत्या, जणू कुंताबाई तिला पुन्हा गाडीत बसवेल. "माह्या सुनेले आन् तिच्या पोटातल्या जीवाले तुम्ही लाकडाच्या भरवशावर बसवलं, ईनबाई," त्या म्हणाल्या. "आन् सकाळपासून पोळ्या वाढून राह्यल्या." हे दुसरं वाक्य कुंताबाईला जास्त लागलं, कारण ते खरं होतं.

ते तिघं बसनं गेले. फाट्यावर बस येईपर्यंत कुंताबाई दहा पावलं मागे उभी राहिली, जवळ जायचा धीर झाला नाही. मेघानं बसमध्ये चढताना आईकडे पाहिलं नाही. खिडकीशी बसल्यावर एकदा पाहिलं, पण हात हलवला नाही. बस पुलावरून पलीकडे गेली तेव्हा कुंताबाई रडली, आणि रडता रडताच तिला हायसं वाटलं. लेक तोंड फिरवून का होईना, धड गाडीतून गेली होती.

घरी आली तर बंडूजी अंगणात बाज टाकून बसला होता. समोर ती गाडी, तोंड उघडं टाकून. मागच्या तारेवर उद्या द्यायचे तीन बंपर वाळत होते, एक लाल, एक करडा, एक पांढरा. तिघांच्या पाठीवर तिचा हात होता. तिनं एकेक उतरवून भिंतीशी उभे केले आणि त्यांच्याकडे पाहत राहिली. अकरा वर्षं. आठवड्याला दोन धरले तरी हजारावर. त्यातल्या किती गाड्यांच्या मागे काय होतं, ते तिनं पाहिलं नव्हतं.

"आत चाल," बंडूजी म्हणाला. "झालं ते झालं. पोरगी वाचली न."

कुंताबाई पुलाकडे पाहत होती. संध्याकाळच्या गाड्या दिवे लावून एकामागून एक येत होत्या.

"बाकीच्या कुठी असतीन हो?" ती म्हणाली.